हापर कुणी सोडलं

"वर जाऊ नको, प्रयाग," ज्ञानोबा मुकादम जिन्यात आडवा उभा राहून म्हणाला. "तुझ्या भल्याचं सांगायलोय. वर गेलीस की पहिला सवाल हाच इचारतील, हापर कुणी सोडलं? मंग काय सांगशील?"

मी कुबडी काखेत घट्ट धरली. कामगार न्यायालय दुसऱ्या मजल्यावर, आणि मी नुकती कुठं सहावी पायरी चढले होते. बरोबर कुणी नव्हतं. हे कागदांची झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं गेले होते. हे म्हणजे माझे मालक, मुंजाजी. नाव घ्यायची जिभेला सवय नाही, म्हणून सगळी गोष्ट मी अशीच सांगणार, समजून घ्या.

"दादा, वाट सोडा," मी म्हटलं.

"सोडतो की. मी काय तुला बांधून ठेवलंय? पण इचार कर. पाय तर गेलाच हाय, आता नवरा बी घालवायचाय का? नवऱ्यानं बायकोचा पाय चिरडला, एवढं एकदा कागदावर आलं की झालं. ते बघ."

त्यानं हनुवटीनं खाली दाखवलं. जिन्याच्या तोंडाशी एक पोलीस उभा होता. बशीत चहा ओतून पीत होता बिचारा, त्याचं आमच्याकडं लक्षसुद्धा नव्हतं. पण मला त्याच्या कमरेची काठीच तेवढी दिसली.

"अर्ज मागं घेते म्हण," मुकादम आता अगदी मायेनं बोलायला लागला. "वरखर्चाचं ठेकेदारसाहेब बघतो म्हणालेत. तुमची जोडी मी दुसऱ्या साइटवर लावतो. पाय अधू असला तरी बसून वाळू चाळशील. आन् मुंजाजी तुझ्यासमोर राहील. काय?"

तेवढ्यात हे खालून आले, हातात कागदांची पिशवी. मुकादम लगेच बाजूला सरला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाला, "काय मुंजाजी, बरं हाय ना?" ह्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही वर चढलो.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पण ती सहावी पायरी अजून माझ्या पायाखाली आहे असं वाटतं.

त्याच्या चौदा महिने आधी आम्ही नाशिकला एका सात मजली इमारतीच्या कामावर होतो. जोडीनं. बांधकामावर नवरा-बायको मिळून कामाला लावतात, त्याला जोडी म्हणतात. हजेरीच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं, आणि त्यापुढं लिहितात 'जोडी'. पगार नवऱ्याच्या हातात. परभणीकडनं आलेल्या आम्ही सगळ्या बाया अशाच. नऊ वर्षं मी घमेली उचलली आणि नऊ वर्षांत एकाही वहीत माझं नाव आलं नाही. त्याचं कधी वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही. वाईट वाटायला आधी ते लक्षात यावं लागतं ना!

माझं काम मिक्सरवर. मिक्सरला पुढं एक मोठं लोखंडी सूप असतं, त्याला साइटवर हापर म्हणतात. ते खाली खड्ड्यात उतरतं, आम्ही बाया त्यात वाळू, खडी, सिमेंट भरतो, मग ऑपरेटर दांडी ओढतो आणि ते भरलेलं हापर दोरावर वर चढून सगळा माल ड्रममध्ये ओततं. हापर वर गेलं की खड्ड्यात सांडलेली खडी झटक्यात फावड्यानं काढायची, नाहीतर खाली येताना ते तिरपं बसतं. ती खडी काढणारी मी. दिवसातून शंभर वेळा मी त्या हापराखाली वाकायची. ऑपरेटर "निघ" म्हणायचा, मी निघायची, मग तो दांडी सोडायचा.

त्या दुपारी ऑपरेटर तंबाखू आणायला गेला. मुकादमानं पहिल्या मजल्यावरून ह्यांना ओरडून सांगितलं, "मुंजाजी, दांडी धर! माल थांबू देऊ नको!" ह्यांना दांडीची सवय नव्हती. पण मुकादम सांगतोय, नाही कसं म्हणायचं? दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला "निघ" म्हणायचं राहून गेलं. दोर खडखडला म्हणून मी मान वर केली. हापर येताना दिसलं, आणि त्याच्या बाजूनं दांडीवरचा हात दिसला. नवऱ्याचा हात बायकोला ओळखू येत नाही का? मग उजव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग माझा राहिला नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा खाटेशेजारी मुकादम बसलेला. हे औषधं आणायला गेले होते.

"तू बघितलंस ना?" तो हळूच म्हणाला.

"काय?"

"बघितलंस. तुझ्या डोळ्यांत दिसायलंय मला. आता नीट आयक. ऑपरेटर तिथं नव्हता हे मला ठाऊक, तुला ठाऊक आन् मुंजाजीला ठाऊक. आपण सगळ्यांनी म्हणायचं, दोर घसरला. आन् तुला दिसलंय हे मुंजाजीला कळू देऊ नको. तो भोळा माणूस. तुला ठाऊक हाय म्हणलं की त्याला रडू फुटंल, कुणापुढं बी भडाभडा बोलून टाकंल आन् जाईल आत. तुझ्या तोंडाला कुलूप, तर तो भाईर. कळलं?"

मला ताप होता, पाय पेटला होता. मी मान हलवली.

आणि हे औषधं घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं व्हतं हो?"

"दोर घसरला," भिंतीकडं बघत हे म्हणाले.

"दोराचं काय सांगावं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं ह्यांच्याकडनं एका कागदावर सही घेतली. त्यात लिहिलं होतं की माझी बायको कामाला नव्हतीच, दुपारचा डबा घेऊन आली होती, आणि नको म्हटलं असताना मिक्सरजवळ गेली. हे स्वतः त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर विटा देत होते, असंही त्यात होतं. मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कोण धरणार!

पहिले तीन आठवडे ठेकेदारानं दवाखान्याचं बघितलं, मग हात झाडले. जखम चिघळली. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत एका बाईनं आम्हाला युनियनच्या वकीलबाईंचा पत्ता दिला. चारुशीला मंगरूळकर त्यांचं नाव. बारीक अंगाची, तोंडानं फटकळ बाई. ठेकेदाराकडचा तो सहीचा कागद बघून आमच्या पत्र्याच्या खोलीत आली, घमेलं पालथं घालून त्यावर बसली आणि म्हणाली, "डब्याचं खोटं आहे ना?"

"खोटं हाय," मी म्हटलं.

"मग खरं सांगा. सगळं."

मी सगळं सांगितलं. सकाळी आठला कामावर जाणं, फावडं, खड्डा, खडी. हे दाराशी उकिडवे बसून जमीन उकरत होते.

"हापर कसं सुटलं?"

"दोर घसरला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "सगळं सांगितलंत ना मला?"

"सगळं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

असा तो अर्ज झाला. मी कामगार होते, कामावर असताना पाय गेला, तर भरपाई द्या, एवढीच आमची मागणी. पुढं कामाचा पाय नव्हता. चूल पेटायची तर ती भरपाई मिळायलाच हवी होती. आणि ज्या दिवशी अर्ज केला त्या दिवसापासून रोज सकाळी उठले की पहिला विचार हाच, आज कुणीतरी विचारेल, हापर कुणी सोडलं. दारात पोस्टमन आला तरी मी आतनं कडी लावून घ्यायची.

तर त्या दिवशी आम्ही वर पोचलो. खोली लहान, वर पंखा गरगरत होता. समोर उंच टेबलामागं साहेब. त्यांना सर्दी झाली होती, नाकाला रुमाल लावून बसलेले. एका बाजूला आमच्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला ठेकेदाराचा वकील, गोरा, गुळगुळीत, हसऱ्या तोंडाचा. मुकादम मागच्या बाकावर येऊन बसला, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल असा.

आधी माझी साक्ष. वकीलबाईंनी विचारलं ते मी सांगितलं. मग तो गुळगुळीत वकील उठला. हजेरीची वही माझ्यापुढं धरली.

"बाई, वाचता येतं का?"

"थोडं थोडं."

"मग ह्यात तुमचं नाव दाखवा."

मी बोट ठेवलं. मुंजाजी ढवळे, जोडी.

"हे तर तुमच्या यजमानांचं नाव. तुमचं कुठंय?"

"हेच की. जोडी."

"जोडी?" तो साहेबांकडं बघून हसला. "चपलांची जोडी असते, बैलांची असते. जोडी नावाची कामगार मी पहिल्यांदाच बघतोय. बरं ते राहू द्या. हापर खाली आलं तेव्हा दांडीवर कोण होतं?"

आला तो प्रश्न. मागच्या बाकावर मुकादमानं पायावर पाय टाकला.

"मला दिसलं नाई. मी खाली वाकले व्हते."

"ऑपरेटर होता?"

"मला दिसलं नाई."

"म्हणजे तुम्ही कामाला होता ह्याचा एकही साक्षीदार तुम्ही देऊ शकत नाही. ऑपरेटर म्हणतो, त्यानं तुम्हाला कामावर कधी बघितलंच नाही." तो खाली बसला. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं. माझ्या दृष्टीनंही झालं होतं, खरं सांगते. भरपाई बुडाली तर बुडाली, म्हटलं, पण तो प्रश्न तर टळला! मी कुबडी टेकत येऊन बसले तेव्हा मनात एकच, आता ह्यांनी फक्त गप्प बसावं.

मग ह्यांचं नाव पुकारलं, त्या सहीमुळं ठेकेदाराच्या बाजूचा साक्षीदार म्हणून.

हे जाऊन उभे राहिले. त्या वकिलानं सहीचा कागद पुढं केला.

"ही सही तुमची?"

"हां, माझी."

"ह्यात लिहिलंय, बायको डबा घेऊन आली होती. बरोबर?"

ह्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणा, म्हणून हलवली. हो म्हणा आणि सुटा, पाय गेला तो गेला. माझ्या पायाची भरपाई मिळावी म्हणून आम्ही वर्षभर हेलपाटे घातले होते, आणि त्या क्षणी मला ती नकोशी झाली होती. देवा, ह्या माणसाला आत नको नेऊस, एवढंच मी म्हणत होते.

"सही माझी हाय," हे म्हणाले. "लिवलेलं खोटं हाय."

"खोटं? अहो, तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर होता. खाली काय चाललंय ते तुम्हाला काय ठाऊक?"

ह्यांनी परत वळून माझ्याकडं बघितलं.

"बोला ना. तिसऱ्या मजल्यावरनं दिसलं का तुम्हाला?"

"मुंजाजी..." मागनं मुकादम खाकरल्यासारखं करत म्हणाला. साहेबांनी रुमाल काढून त्याच्याकडं असं बघितलं की तो चूप झाला.

"मी तिसऱ्या मजल्यावर नव्हतो," हे म्हणाले. "खालीच व्हतो. मिक्सरवर. हापर मीच सोडलं साहेब."

टायपिस्टनं मान वर केली.

"निघ म्हणायचं राह्यलं," हे म्हणाले. "ऑपरेटर रोज म्हणतो. मला ठाऊक व्हतं म्हणायचं असतं म्हणून. राह्यलं."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठले, कुबडी पडली, तशीच एका पायावर ओरडले, "खोटं बोलायलेत साहेब! त्यांना काही ठाऊक नाई! दोर घसरला! त्यांना धरू नका, तुमच्या पाया पडते!" आणि खरंच पाया पडायला निघाले, तर धाडकन टेबलाच्या पायाशीच आपटले.

वकीलबाईंनी आणि शिपायानं मला उचललं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. "बाई, बसा. पाणी द्या हो त्यांना. इथं कुणी कुणाला धरत नाही, हे भरपाईचं न्यायालय आहे." मग एक शिंक दिली आणि म्हणाले, "पुढं चालू द्या."

तो गुळगुळीत वकील आनंदानं नुसता फुलला होता. "साहेब, हे तर उघडच झालं! निष्काळजीपणा सगळा नवऱ्याचा. स्वतःच्याच नवऱ्यानं—"

"थांबा," साहेब म्हणाले. "हा नवरा कुणाचा कामगार?"

"अं?"

"मघाशी वही तुम्हीच दाखवलीत. हा माणूस तुमच्या अशिलाच्या कामावर होता, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"तो होता, पण—"

"ठीक आहे. बाईंच्या वकिलांना काही विचारायचंय?"

वकीलबाई उठल्या. मी त्यांच्याकडं बघायची हिंमत करत नव्हते. वर्षभर त्यांच्या तोंडावर खोटं बोललो होतो. पण त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"मुंजाजी, दांडी धरायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुकादमानं. वरनं वरडून. म्हणला, माल थांबू देऊ नको."

"तुम्ही हापर सोडलं तेव्हा प्रयागताई काय करत होत्या?"

"खड्ड्यातली खडी काढत व्हती. फावड्यानं."

"आणि डबा?"

"कसला डबा बाई? दोघं बी सकाळी आठला कामावर. दोघांच्या भाकरी सकाळीच एका फडक्यात बांधून न्यायचो. दुपारी डबा आणायला घरी व्हतं कोण?"

साहेबांनी मान वर करून ठेकेदाराच्या वकिलाकडं बघितलं. तो कागद चाळायला लागला. चौदा महिन्यांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं बघा, आमच्यासुद्धा! जोडी कामावर असली तर डबा आणणार कोण?

साहेब टायपिस्टला सांगत होते ते मला तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं. साक्षीदार स्वतः हापर सोडत होता. त्या वेळी अर्जदार खड्ड्यात खडी काढण्याचे काम करत होती. मला त्यातलं काही समजत नव्हतं. माझे कान जिन्याकडं होते. बूट वाजतायत का, ते ऐकत होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर वकीलबाई आमच्यावर अशा कडाडल्या की काय सांगू. "वर्षभर! वर्षभर माझ्यापासून लपवलंत? अहो, बरोबरच्या कामगाराच्या हातून चूक झाली म्हणून भरपाई जात नाही! तो नवरा असो नाहीतर भाऊ असो. कामावर असताना लागलं, बस, मालकानं द्यायचं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मला साक्षीदारच मिळाला असता! समोर बसलेला!"

"पण पोलीस..." मी म्हटलं.

"कोण पोलीस? कुणी घाबरवलं तुम्हाला?"

मुकादम जिन्यानं खाली उतरत होता. त्याच्याकडं बोट दाखवायचीसुद्धा आमच्यात ताकद नव्हती.

वकीलबाई जरा नरमल्या. "हे बघा, निष्काळजीपणाचा कायदा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण चौदा महिन्यांत कुणी तक्रार दिलेली नाही. आता देणार असेल तर कोण देणार? ज्याचा पाय गेला तोच ना? प्रयागताई, तुम्हाला द्यायची आहे का तक्रार, मुंजाजींच्या विरुद्ध?"

हे पायाखालच्या फरशीकडं बघत होते. त्यांचे खांदे असे वर चढलेले, वरनं काहीतरी पडणार असल्यासारखे.

"नाई," मी म्हटलं.

"मग झालं तर. तरी काही आलंच, तर मी आहे. आता घरी जा, जेवा." आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी घाईघाईनं निघून गेल्या.

निकाल पुढं सात महिन्यांनी लागला, आमच्या बाजूनं. त्यात माझं पूर्ण नाव होतं आणि त्यापुढं कामगार असं लिहिलं होतं. त्या भरपाईतून पायाला बसणारा बूट झाला, आणि आम्ही परभणीला येऊन पिठाची गिरणी टाकली. दळण अजून मीच घालते. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, व्हरांड्यातल्या बाकड्यावरचं.

हे बाकड्यावर बसले ते उठेचनात. मी म्हटलं, चला. तर मान हलवली. म्हटलं, भूक लागली असेल. तर नाही. एक एक खोली बंद व्हायला लागली. लोक गेले. शेवटी शिपाई किल्ल्या घेऊन आला.

"काका, पाच वाजून गेले. कुणाची वाट बघताय?"

"पोलिसाची," हे म्हणाले. "मी पळालो असं नको व्हायला."

शिपायानं माझ्याकडं बघितलं. "अहो, इथं कोण येणार? खाली एकजण होता, त्याची ड्यूटी कधीच संपली. उठा आता." आणि तो पलीकडच्या खिडक्या लावायला गेला.

हे कागदांच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला आज कळलं."

"काय?"

"दांडीवर मी व्हतो ते."

"तवाच कळलं व्हतं. तुमचा हात दिसला मला."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला भीतीच वाटली. "तवाच? मंग बोलली का नाईस?"

"मुकादम म्हणला, त्याला कळू देऊ नको. तो बोलून बसंल आन् आत जाईल."

"मला..." ह्यांनी पिशवी खाली ठेवली. "मला म्हणला, तिला कळू देऊ नको. कळलं तर ती तुझ्याजवळ नांदायची नाई. नवऱ्यानं पांगळं केलं म्हणून पोरगी माहेरी निघून जाईल."

"मेला!" मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. एका खोलीत, एका चुलीपाशी, दोघांनी दोन भीती उराशी धरून चौदा महिने काढले होते, आणि दोन्ही त्यानंच दिलेल्या! मला हसू येत होतं की रडू, तेच कळेना.

"पोलिसाला मी एवढा भेलो नव्हतो," हे म्हणाले. "आत जाऊन भाईर येतं माणूस. तू गेली असतीस तर?"

मग ते बाकड्यावरनं उतरून खाली फरशीवर बसले. चौदा महिने त्यांनी मला पाठुंगळी मारून ड्रेसिंगला नेलं, आणलं, भाकरी भाजून घातल्या, पण पट्टी सुटायची वेळ आली की हे बाहेर. पाय त्यांनी एकदाही बघितला नव्हता. मला वाटायचं, किळस येत असेल. आता त्यांनी माझा पाय दोन्ही हातांनी मांडीवर घेतला, पायमोजा काढला, आणि उरलेलं पाऊल सगळीकडनं बघितलं. शिपाई किल्ल्या वाजवत परत आला आणि दाराशीच थांबला.

"दुखलं का गं?" हे म्हणाले.

सगळ्यांनी विचारलं होतं, डॉक्टरनं, नर्सनं, वकीलबाईंनी. सगळ्यांना मी म्हटलं होतं, नाई, एवढं नाई.

"लई दुखलं," मी म्हटलं, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले.